चौथा कंट्रोलर कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी रोज गेम खेळते. नवरा बऱ्यापैकी खेळतो, दीर अधूनमधून, आणि जाऊबाईंनी वर्षभरापूर्वीपर्यंत कंट्रोलर हातात धरलेला नव्हता. घरी निन्टेन्डोचा स्विच (टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) आहे, चार कंट्रोलर आहेत. सुट्टीच्या दिवशी हौसेने एकत्र बसतो, पण अर्ध्या तासात जाऊबाई कंट्रोलर खाली ठेवतात, मग दीर मोबाईल काढतात आणि शेवटी आम्ही नवरा-बायकोच उरतो. चौघांना धरून ठेवेल असा गेम सांगा. की एका टीव्हीसमोर बसून खेळायचे दिवसच आता संपले?"

दिवस संपलेले नाहीत, त्याबद्दल पुढे लिहितो. आधी जाऊबाईंचं बघू. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत पडद्यावर काय चाललं होतं, हे आठवून पाहिलंत तर निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. बहुतेक वेळा असा माणूस बाद होऊन बसलेला असतो, किंवा पडद्यावर आपण कोण आणि कुठे आहोत हेच त्याला सापडत नसतं, किंवा तो जे काही करतोय त्याने कुणालाच फरक पडत नसतो. मी पंचवीस वर्षं खेळतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं न खेळणाऱ्यांना शेजारी बसवून खेळवण्यात गेली आहेत. लोक उठून जातात ते या तीन कारणांनी. गेम वाईट होता म्हणून उठलेला माणूस मी क्वचितच पाहिलाय.

लपाछपी, पकडापकडी खेळताना कुणाचं तरी धाकटं भावंड मागे लागायचं आणि मग त्याला 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचं. ते पळायचं, ओरडायचं, पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. या सोयीत माया होती. पण त्या पोराच्या बाजूनेही बघा. वर्ष-दोन वर्षं ते खुशीत असतं, मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की आपण पकडले गेलो काय आणि सुटलो काय, डावाला दोन्ही सारखंच. त्या दिवशी ते हटून बसतं: मला खरं राज्य द्या. एका टीव्हीवर चौघांनी खेळायचा गेम निवडताना मी हेच दोन मुद्दे तपासतो. यात कच्च्या लिंबाला सांभाळून घेतलंय का? आणि सांभाळून घेतल्यावरही त्याच्या हातून डाव फिरू शकतो का? पहिलं नसेल तर माणूस वैतागून उठतो, दुसरं नसेल तर कंटाळून.

बाद होऊन बसून राहण्यापासून सुरुवात करू. १९९३ सालच्या सुपर बॉम्बरमॅनमध्ये कन्सोलला जास्तीचे कंट्रोलर जोडायचा डबा लावला की चौघांना एकदम खेळता यायचं. चौकटीचौकटींच्या मैदानात बॉम्ब ठेवायचे, दुसऱ्याला कोंडीत पकडायचं, शेवटी उरेल तो जिंकला. गेम अप्रतिम. पण सगळ्यात कच्चा खेळाडू पहिल्या काही सेकंदांत उडायचा आणि उरलेला डाव बघत बसायचा. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी खेळायला मिळायचं. बॉम्बरमॅनच्या पुढच्या काही भागांत यावर फार सुंदर तोड काढली गेली: बाद झालेला खेळाडू मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि तिथून आत बॉम्ब फेकतो. जपानीत त्याला 'मिसोबॉन' म्हणतात. आणि जपानी मुलांच्या खेळात ज्याला घ्यायचं पण मोजायचं नाही अशा पोराला 'मिसोक्कासू' म्हणतात. म्हणजे कच्चं लिंबू तिकडेही आहे, आणि इथे त्याच्या हातात बॉम्ब आहे! हे कळलं त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

दुसरी गोष्ट पडद्याची. एकच पडदा चौघांत वाटायचा म्हटलं की कोणीतरी पुढे जाणार आणि कोणीतरी मागे राहणार. मग पडदा कोणाबरोबर सरकणार? निन्टेन्डोवरचा १९८८ चा कॉन्ट्रा ज्यांनी दोघांत खेळलाय त्यांना तिसरी लेव्हल आठवत असेल, धबधब्याची. तिथे पडदा वर वर सरकतो. तरबेज भिडू भराभर उड्या मारत वर गेला की मागच्याच्या पायाखालची कडा पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. त्याला शत्रूची एकही गोळी लागलेली नसते, तो जोडीदाराच्या घाईने मेलेला असतो. मला कॉन्ट्रा जीवापाड आवडतो, पण त्या धबधब्यावर मोडलेल्या जोड्या मी बऱ्याच पाहिल्यात. कच्चा भिडू मरतो, वर तरबेज त्यालाच ओरडतो, "चल ना लवकर!"

२००९ मध्ये न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी आला तेव्हा त्यात बुडबुडा होता. घाबरलात, मागे पडलात, की एक बटण दाबायचं, तुम्ही बुडबुड्यात जाता आणि तरंगत बाकीच्यांकडे येता. कोणी तो फोडला की पुन्हा डावात. अवघड उडी दुसऱ्याला मारू द्यायची आणि आपण तरंगत पलीकडे जायचं, ही परवानगी गेमनेच दिली. त्यामुळे ती मागावी लागत नाही, आणि मागावी न लागणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मोठ्या माणसाला "माझ्यासाठी थांबता का" असं दर दोन मिनिटांनी म्हणायला लाज वाटते. एक खोट मात्र त्या गेममध्ये होती. चारही पात्रं एकमेकांना धडकायची, एकमेकांच्या डोक्यावर उडी मारायची, एकमेकांना उचलून फेकायची. चौघं सारख्याच तयारीचे असतील तर यात हसून हसून पोट दुखतं. एक जण कच्चा असेल तर तो इतरांच्या धक्क्याने खड्ड्यात जातो आणि आपली चूक काय झाली हे त्याला कळतही नाही.

म्हणून तुम्हाला माझी पहिली शिफारस २०२३ चा सुपर मारिओ ब्रदर्स वंडर. यात पात्रं एकमेकांना धडकत नाहीत, आरपार जातात. कोणी मेलं तर त्याचं भूत होतं आणि पाच सेकंदांच्या आत जोडीदाराने त्याला स्पर्श केला तर तो जिवंत होतो. ते भूत स्वतः हलू शकतं, म्हणजे मरून हात बांधून बसायचं नाही, स्वतः धावत वाचवणाऱ्याकडे जायचं. आणि पात्रं निवडताना योशी किंवा नॅबिट घेतला तर शत्रूचा स्पर्श झाला तरी काही होत नाही. खड्ड्यात पडलात तर मात्र जाताच, त्यामुळे खेळ खोटा वाटत नाही. यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त भावतो: योशीच्या पाठीवर बाकीच्यांना बसता येतं, आणि योशीची उडी हवेत फडफडत लांबते. म्हणजे ज्याला तुम्ही सांभाळून घ्यायला निघालात तोच तुम्हाला पाठीवर घेऊन दरी ओलांडतो. कच्चं लिंबू सुरक्षित आहे आणि डावही त्याच्या हातात आहे. जाऊबाईंना योशी द्या. पडदा कोणाबरोबर सरकायचा हे त्यात मुकुटावरून ठरतं, तेव्हा मुकुट तुमच्या डोक्यावर आला की मुद्दाम सावकाश चाला.

याच्या उलट उदाहरण २००७ च्या सुपर मारिओ गॅलेक्सीचं. एकट्याने खेळायचे मला माहीत असलेल्या सगळ्यात देखण्या गेमपैकी एक. त्यात दुसऱ्या खेळाडूला पडद्यावर फिरणारा एक चांदणीसारखा ठिपका मिळतो. त्याने ताऱ्यांचे तुकडे गोळा करायचे, शत्रूंना थोडं थोपवून धरायचं. चार वर्षांच्या मुलासाठी हे छान आहे, ते मांडीवर बसून तासभर रमतं. मोठ्या माणसाला मात्र दहाव्या मिनिटाला कळतं की आपण नसतो तरी चाललं असतं. सुपर मारिओ ओडिसीमध्ये, २०१७ साली, दुसऱ्याला मारिओची टोपी दिली. टोपी फेकून शत्रू मारता येतो, नाणी मिळवता येतात, त्यामुळे तिथे प्रकरण पुष्कळ सुधारलं. तरी कॅमेरा मारिओच्याच मागे असतो, त्यामुळे चौघांच्या बैठकीसाठी तो नाही.

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर सांगतो, कारण रोज खेळणाऱ्याला हे दिसतच नाही. आजच्या बहुतेक त्रिमित गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने मान वळवायची. तुम्ही हे विचार न करता करता. नव्या माणसाला असा गेम देऊन पाहा: दोन मिनिटांत तो आकाशाकडे किंवा स्वतःच्या पावलांकडे बघत भिंतीला धडका देत असतो. चालणं आणि बघणं ही दोन कामं दोन अंगठ्यांत वाटणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते बसायला आठवडे लागतात. त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. पण धडका देणाऱ्याला वाटतं की आपल्याला जमणारच नाही, आणि शेजारचा म्हणतो "अगं, कॅमेरा फिरव ना", जणू कॅमेरा म्हणजे काय हे आईच्या पोटातून शिकून येतात. म्हणून पहिले काही महिने कॅमेरा यंत्राने सांभाळलेला असेल असेच गेम घ्या: बाजूने दिसणारे, वरून दिसणारे, किंवा रस्ता समोर ठेवणारे.

रस्ता समोर ठेवणारा म्हटलं की मारिओ कार्ट ८ डिलक्स. ६ कोटींहून जास्त प्रती खपलेला हा गेम तुमच्या घरी बहुधा असेलच. त्यातली एक सोय लोक वापरत नाहीत किंवा हिणवतात, ती म्हणजे स्मार्ट स्टिअरिंग. ती चालू असताना गाडी रस्त्याबाहेर जात नाही. गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते, त्यावरून ती चालू असल्याचं कळतं. महत्त्वाचं हे की ती प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी चालू-बंद होते. जाऊबाईंची चालू ठेवा, तुमची बंद करा. ती चालू असताना काही आडवाटा बंद होतात आणि वळणावर घसरून मिळणारा सगळ्यात मोठा वेग मिळत नाही, म्हणजे मदत घेणाऱ्याला तिची किंमतही मोजावी लागते. सहा-आठ बैठकांनंतर जाऊबाई स्वतःच म्हणतील, ती अँटेना काढा आता. ते त्यांनीच म्हणू दे. तुम्ही आपणहून काढू नका.

निळ्या कासवाच्या कवचावरून दर बैठकीत वाद होतो, म्हणून त्यावरही माझं मत देऊन टाकतो. १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ पासून हे कवच आहे. मागे पडलेल्याच्या हाती ते येतं आणि पहिल्या क्रमांकावरच्या गाडीला जाऊन उडवतं. मागच्यांना जोरदार वस्तू मिळतात, पुढच्यांना बहुतेक नाणी आणि केळ्याच्या साली. तरबेज खेळाडूंना हा रडीचा डाव वाटतो. मला तो मालिकेतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. एका खोलीत बसलेल्या चौघांत खरी क्षमता मोजायची असती तर तिसऱ्या शर्यतीनंतर निकाल सगळ्यांना पाठ झाला असता आणि चौथी शर्यत कोणी लावली नसती. निळं कवच पहिल्याला सांगतं की शेवटचा अजून डावात आहे. आणि तरबेज माणसालाही त्यातून शिकण्यासारखं आहे: दुसऱ्या क्रमांकावर कधी राहायचं, भोंगा कशासाठी जपून ठेवायचा. कवच उडवून लावणारा भोंगा त्याच गेममध्ये आहे, तेव्हा तक्रार करण्याआधी तो हातात होता का हे बघा.

आता एक गोष्ट जी लिहायला मला जड जाते. माझी भाची आठ वर्षांची असताना आम्ही दोघं एक गेम खेळत होतो. एका बॉसशी, म्हणजे लेव्हलच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूशी, ती वीस-बावीस वेळा हरली. मला राहवलं नाही. "दे इकडे, मी करून दाखवतो," म्हणून मी तिच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि पहिल्या फटक्यात बॉस मारला. मला वाटलं ती टाळ्या वाजवेल. ती काही न बोलता उठली. पुढचे कित्येक महिने ती माझ्याबरोबर खेळायला बसली नाही, आणि विचारलं की म्हणायची, "तू खेळ, मी बघते." तिचे ते बावीस प्रयत्न तिचे होते. तेविसाव्याला ती जिंकली असती की चाळिसाव्याला, तो तिचा हिशोब होता, आणि मी तो एका मिनिटात पुसून टाकला. नंतर आम्ही पुन्हा खेळायला लागलो ते कपहेडमुळे, म्हणजे सहसा नवख्याला मी कधीच सुचवणार नाही अशा कठीण गेममुळे. त्यात जोडीदार मेला की त्याचं भूत वर वर जायला लागतं, आणि ते निसटायच्या आत तुम्ही उडी मारून नेमक्या क्षणी त्याला टिपलंत तर तो परत येतो. दोघांनी खेळताना बॉसही जास्त चिवट होतो, त्यामुळे एकटा तरबेज सगळं ओढून नेऊ शकत नाही. भाचीने मला पहिल्यांदा असं वाचवलं तेव्हा ती ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मला आजही खेळायला बसवतो. तेव्हा तुमच्या घरात एकच नियम करायचा असेल तर हा करा: ज्याच्या हातात कंट्रोलर आहे त्याच्या हातातून तो कोणीही घ्यायचा नाही. त्याने आपणहून पुढे केला तरी एकदा विचारायचं, "नक्की?"

ओव्हरकुक्ड बरेच जण सुचवतील. २०१६ मध्ये आलेला, एका स्वयंपाकघरात चौघांनी धावपळ करून ऑर्डरी पुऱ्या करायचा गेम. मला तो प्रचंड आवडतो आणि तरीही पहिल्या बैठकीला मी तो देत नाही. त्यात कोणी कायमचं बाद होत नाही, कॅमेरा स्थिर असतो, बटणं मोजकी असतात, सगळं जुळून येतं. पण घड्याळ चालू असतं, आणि घड्याळ चालू असलं की तरबेज माणूस मुकादम होतो. "तू चिर, तू ताटं धू, अरे तिकडे आग लागली!" दहा मिनिटांनी कच्चा खेळाडू फक्त हुकूम पाळत असतो. यावर मी एक उपाय बऱ्याच वेळा करून पाहिलाय. तरबेज माणसाने ताटं धुण्याचं काम घ्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कोणती ऑर्डर आधी करायची हे सांगण्याचा अधिकार सगळ्यात नव्या माणसाला द्यायचा. गुण कमी पडतात, पण बैठक टिकते. ओव्हरकुक्डचे दोन्ही भाग एकत्र करून २०२० मध्ये जी आवृत्ती आली तिच्यात वेळ वाढवून घ्यायची आणि अडलेली लेव्हल सोडून पुढे जायची सोय आहे. ती वापरण्यात काही कमीपणा नाही.

ज्यांना बटणांचीच भीती आहे त्यांच्यासाठी कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. २०१५ चा. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांकडे तो निकामी कसा करायचा याची २३ पानांची पुस्तिका असते, जी छापून घेता येते. बॉम्ब बघणाऱ्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्यांनी पडदा बघायचा नाही. मध्ये फक्त बोलणं. "चार तारा आहेत, शेवटची निळी." "लाल किती?" इथे तुमची इतक्या वर्षांची अंगठ्याची तयारी शून्य होते. जाऊबाई नीट वाचणाऱ्या आणि शांत डोक्याच्या असतील तर त्या तुम्हा तिघांपेक्षा सरस ठरतील, आणि एकदा हे झालं की बाकीच्या गेममध्येही त्यांचं बसणं बदलतं. पुस्तिका मात्र इंग्रजीतली घाईत वाचण्यापेक्षा आधी एकदा मिळून मराठीत समजावून घ्या.

फक्त तुम्हा नवरा-बायकोसाठी इट टेक्स टू. २०२१ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला, आणि तो एकट्याने खेळताच येत नाही. सुरुवातीच्या एका भागात एकाकडे खिळे, दुसऱ्याकडे हातोडी. खिळा मारल्याशिवाय हातोडी लटकू शकत नाही, हातोडीशिवाय वाट उघडत नाही. दर भागात दोघांची हत्यारं बदलतात, म्हणजे तुमचा सराव फार काळ वरचढ राहत नाही. कॅमेरा दोन अंगठ्यांचा आहे, म्हणून तो जाऊबाईंना आत्ता नको. त्याच स्टुडिओचा स्प्लिट फिक्शन २०२५ मध्ये आला, तो आणखी वेगवान आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दिवस संपल्यासारखे वाटतात त्याला कारण आहे. पडद्याचे दोन भाग केले की यंत्राला तेच जग दोन कोनांतून दोनदा काढावं लागतं, चार भाग केले की चारदा. पूर्वीही याची किंमत मोजावी लागायची: मारिओ कार्ट ६४ मध्ये तिघं किंवा चौघं खेळायला बसले की शर्यतीतलं संगीतच बंद व्हायचं. आजही मारिओ कार्ट ८ डिलक्स दोघांपर्यंत सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, तिसरा कंट्रोलर आला की ३०. तुमच्या डोळ्याला हा फरक जाणवेल, जाऊबाईंना बहुधा जाणवणार नाही. जसजशी गेममधली जगं प्रचंड होत गेली तसतसा हा बोजा स्टुडिओंना परवडेना, आणि ज्याने त्याने आपापल्या घरून ऑनलाइन खेळावं हा मार्ग सोपा झाला. हेलो या गोळीबाराच्या गेममालिकेचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. २००१ चा पहिला हेलो म्हणजे पडदा वाटून दोघांनी मोहीम पुरी करायचा गेम. शिवाय चार एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचे कन्सोल) तारेने जोडले की सोळा जण. त्याच मालिकेतल्या २०१५ च्या पाचव्या भागात पडदा वाटायची सोयच नव्हती. आणि नंतरच्या हेलो इन्फिनिटच्या मोहिमेत ती देणार म्हणून सांगितलं होतं, ते २०२२ मध्ये रद्द झालं. ज्या मालिकेने कितीतरी जणांना शेजारी बसून खेळायची गोडी लावली, तिने ती खुर्ची काढून घेतली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण याच काळात लहान स्टुडिओंनी ती जागा भरून काढली, निन्टेन्डोने ती कधी सोडलीच नव्हती, आणि संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमने २०१९ मध्ये रिमोट प्ले टुगेदर आणून एका टीव्हीवरचे गेम लांबच्या मित्राबरोबर खेळायची सोय केली. मुळात व्हिडिओ गेमची सुरुवातच शेजारी बसून झाली आहे. १९५८ मध्ये विल्यम हिगिनबोथम यांनी ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत भेट देणाऱ्यांसाठी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे तरंग दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, टेनिस मांडलं, ते दोघांसाठी. १९६२ चं स्पेसवॉर दोघांसाठी. १९७२ च्या पाँगमध्ये यंत्र तुमच्याशी खेळतच नव्हतं, समोर माणूस लागायचाच. एकट्याने यंत्राशी खेळणं हा नंतर रुळलेला प्रकार आहे.

थोडं जोडणीबद्दल, कारण इथे कच्च्या खेळाडूचं नकळत नुकसान होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करायला वेळ घेतो, आणि गेम मोड बंद असेल तर काही टीव्हींवर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत शंभरेक मिलिसेकंद जातात. ६० चित्रांच्या हिशोबात ती सहा चित्रं झाली. तुम्ही सवयीने बटण थोडं आधी दाबता, नवख्याला वाटतं की आपलंच टायमिंग चुकतंय. कच्च्या खेळाडूला टीव्हीच्या बरोबर समोर बसवा, कडेला नको. चौघांत पडदा वाटला की त्याच्या वाट्याला पाव पडदा येतो, त्यातही अक्षरं बारीक. स्विचचा जॉय-कॉन नावाचा छोटा कंट्रोलर आडवा धरून खेळता येतो, पण मोठ्या हातांना तो अवघडतो. तो तुम्ही घ्या आणि मोठा कंट्रोलर जाऊबाईंना द्या. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं, चांगला कंट्रोलर चांगल्या खेळाडूकडे जातो.

घरचे नियम करायला संकोच करू नका. १९९७ च्या गोल्डनआय या गोळीबाराच्या गेममध्ये ऑडजॉब नावाचं बुटकं पात्र होतं. नेम सरळ धरला तर गोळी त्याच्या डोक्यावरून जायची. जगभरच्या घरांत लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं: ऑडजॉब घ्यायचा नाही. गेममध्ये तशी कुठलीही मनाई नव्हती. गल्लीत खेळताना आपण करायचो तेच हे. तुमच्या घरी हरणाऱ्याने पुढचा ट्रॅक निवडायचा, किंवा सलग दोनदा जिंकणाऱ्याने जड गाडी घ्यायची, असं काहीही चालेल. फक्त ते सुरुवातीला ठरवा, मध्येच नाही. आणि तुम्ही मुद्दाम हरू नका. ते कळतं, आणि कळलं की तो त्या माणसाचा शेवटचा डाव ठरतो. स्वतःवर अट घाला आणि त्या अटीत जीव तोडून खेळा.

येत्या सुट्टीला असं करून बघा. आधी मारिओ कार्ट, चारच शर्यती, पहिला ट्रॅक जाऊबाईंच्या पसंतीचा. मग वंडरच्या दोन-तीन लेव्हल, त्या योशी आणि तुम्ही अशा पात्राबरोबर ज्याला मार लागतो. दिरांना मधूनच काही समजावून सांगायचं असेल तर लेव्हल संपल्यावर. जाऊबाई अडखळल्या तर त्यांनी विचारलं तरच सांगा, आणि सांगायचं झालं तर बटणाच्या नावाने न सांगता अंगठा कुठे आहे त्यावरून सांगा, "उजव्या अंगठ्याखालचं, सगळ्यात खालचं." साधारण तासाभराने, चौघंही अजून रंगात असताना, तुम्हीच बंद करा. "अजून एक" असं कोणी म्हणालं तर कोण म्हणालं ते मला कळवा.